अग्बोझोच्या टाचेचं गाणं

आमच्या गावात सरळ शिवी देणं हे आळशी माणसाचं काम समजतात. 'तू लबाड आहेस' असं कोणताही प्यायलेला माणूस म्हणू शकतो. त्यासाठी सहा ढोल, चाळीस गाणाऱ्या बाया आणि एक गीतकार पोसायची गरज नाही. आम्ही पोसत होतो.

एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला खारं तळं आणि मधल्या वाळूच्या पट्टीवर गावाच्या दोन आळ्या. समुद्राकडची आमची, तळ्याकडची त्यांची. दोन-तीन वर्षांनी काहीतरी निमित्त होई, म्हणजे कोणाची तरी बकरी कोणाच्या तरी कांद्याच्या वाफ्यात शिरे, आणि दोन्ही आळ्या एकमेकींवर गाणी रचायला बसत. बाजार दर चौथ्या दिवशी. एका बाजाराला ते गात, पुढच्या बाजाराला आम्ही.

मुख्य नियम दोन. गाण्यात नाव घ्यायचं नाही. मुख्य गाणाऱ्याच्या हातातली घोड्याच्या शेपटीची चवरी ज्याच्याकडे वळेल त्याने समजून घ्यायचं. आणि ज्याने समजून घेतलं त्याने पुढे स्टुलावर बसून शेवटपर्यंत हसत ऐकायचं. जो उठला तो हरला आणि त्याच्याबरोबर त्याची आळीही हरली.

समुद्राकडचा गीतकार मी, डोट्से. तीस वर्षं हे काम केलं. आता निवृत्त आहे. लोक म्हणतात, म्हातारा मवाळ झाला. दात पडले की सगळेच मवाळ होतात, त्यात माझं श्रेय काही नाही.

सांगतोय ती गोष्ट गोऱ्या साहेबाने सामान बांधायला घेतलं होतं त्या काळातली. तळ्याकडचा गीतकार तेव्हा अग्बोझो. स्वतःचं मोठं ओढजाळं, साठ माणसं ओढायला, आणि त्या साठांच्या वर एकट्याचा आवाज. तो किनाऱ्यावर ओरडला की मासे आपण होऊन जाळ्यात येतात, असं त्याचीच माणसं सांगत. त्या वर्षी पहिली फेरी त्यांची होती आणि अग्बोझोने गाण्याला माझं डोकं घेतलं होतं. माझं डोकं म्हणजे चोरांनी शेतातून उचललेला, उजेडात नीट पाहिलेला आणि गुपचूप परत आणून ठेवलेला भोपळा. माझं तोंड म्हणजे फळ्या सुटलेली होडी. मी स्टुलावर बसून हसत होतो. गाल दुखेपर्यंत हसलो. घरी गेल्यावर बायकोने, आब्लाने, विचारलं, "एमेफाचे बाबा, भोपळा जेवणार की तसाच झोपणार?"

मग चार दिवस माझे. नारळाखाली बसलो, तळ्याकाठी बसलो, उलट्या होडीवर बसलो. अग्बोझोला सुचेल ते म्हणून पाहिलं. हत्ती म्हटलं तर तो खूश होईल. पाणघोडा म्हटलं तर आणखी खूश होईल. मोठ्या माणसाला मोठ्या जनावराची उपमा देऊन काय मिळवायचं? तिसरी सकाळ उजाडली तरी माझ्याकडे एक ओळ नव्हती. वाळूतल्या पिसूने मात्र टाचेत घर केलं होतं.

आमच्या वाळूत ही पिसू असतेच. टाचेत शिरते, अंडी घालते, वाटाण्याएवढी फुगते. ती सुईने कोरून काढावी लागते. आब्लाने माझा पाय मांडीवर घेतला.

"अजून सुई टेकवलीसुद्धा नाही," ती म्हणाली.

"मग हे काय दुखलं?"

"तो माझा पदर लागला."

मग तिने खरोखरच टेकवली आणि माझ्या तोंडून जो आवाज निघाला तो गाणी म्हणणाऱ्या माणसाला शोभणारा नव्हता. टाच दोन्ही हातांनी वर धरून मी चीं चीं करत होतो, अगदी घारीची सावली पडल्यावर टोपलीखाली घुसणाऱ्या पिल्लासारखा.

आणि तिथेच मी गप्प झालो. आब्लाला वाटलं, मेला.

गाणं आलं होतं. फक्त ते ज्याच्यावर आलं होतं तो माणूस चुकीचा होता, आणि ही चूक दुरुस्त करायला मला काही वेळ लागला नाही.

बाजाराच्या दिवशी दुपारी आमच्या बाया निळी लुगडी नेसून उभ्या राहिल्या. अग्बोझो स्टुलावर बसला होता, म्हणजे स्टूल त्याच्याखाली कुठेतरी होतं. मी चवरी त्याच्याकडे वळवली.

*किनाऱ्यावर जो गरजतो त्याला वादळ म्हणा,*
*वाळूवर जो चालतो त्याला ताड म्हणा,*
*पण घरात सुई निघाली की त्याला काय म्हणाल, बायांनो?*
*घारीची सावली पडली,*
*टाच दोन्ही हातांत धरून*
*टोपलीखाली पिल्लू चीं चीं करतंय.*

शेवटची ओळ बाया उंच, बारीक आवाजात घेत. तिसऱ्या वेळेला तळ्याकडची माणसंसुद्धा तोंडावर कापड धरून हलायला लागली. अग्बोझो हसत होता. नियम म्हणजे नियम. पण मी वर्षानुवर्षं तोंडं पाहिलेली. हसू होतं तिथेच होतं, त्यातला माणूस निघून गेला होता. आणि त्याचा डावा पाय हळूच कापडाखाली ओढला गेला.

अग्बोझो उठला नाही, पण त्याचीच माणसं हसली म्हणून फेरी आम्ही जिंकली. आमचा मुख्य ढोलवाला सेन्यो याने मला उचलून घेतलं आणि लगेच खाली ठेवलं, कारण त्याची कंबर धरली.

दुसऱ्या दिवशी सकाळी रस्त्यावर एकदम शांतता झाली म्हणून मी बाहेर आलो. झिफा येत होती. ही अग्बोझोची बायको, पण मुलगी आमच्या आळीतली, माझ्या शेजारच्या घरात वाढलेली. डोक्यावर पाण्याचं मोठं मातीचं भांडं, काखेत चटई. आमच्याकडे बायको हे भांडं सासरी घेऊन जाते ते एकदाच. ते घेऊन उलट दिशेने येणाऱ्या बाईला कोणी काही विचारत नाही. बापाच्या घराचं दार उघडं होतं. ती तिथे वळली नाही, माझ्या अंगणात आली.

"एफो," ती म्हणाली. थोरल्या भावाला आम्ही एफो म्हणतो आणि ती मला लहानपणापासून तेच म्हणते. "कोणी सांगितलं तुला?"

"काय?"

"टाच. सुई. चीं चीं. तो म्हणतो, ही गोष्ट माझ्या टाचेला माहीत आणि माझ्या बायकोला माहीत. टाच काही समुद्राकडे गेली नव्हती."

मी खाली बसलो. "म्हणजे अग्बोझो खरंच..."

"दर पंधरा दिवसांनी. टाच दोन्ही हातांत धरून. चीं चीं." तिने भांडं खाली ठेवलं. "एफो, तुला कोणी सांगितलं?"

"कोणी नाही, झिफा. देवाची शपथ. सुचलं."

"सुचलं!" तिने हा शब्द कुजका मासा उचलावा तसा दोन बोटांत उचलला.

आता हे समजून घ्या. आमच्या लोकांचा पक्का समज आहे की गाण्यात नेमकी गोष्ट आली म्हणजे ती घरातून कोणीतरी फोडली. समज बराचसा खराही आहे. गाण्यांच्या दिवसांत दोन्ही आळ्यांतल्या म्हाताऱ्या मीठ मागायला इतक्या घरांत शिरत, की मिठाचा खप तिप्पट होई आणि कालवणं अळणीच राहत. आणि एका आळीतून दुसरीकडे दिलेल्या मुलीवर तर दोन्हीकडून डोळा.

झिफाने मला सगळं सरळ सांगितलं, रडली नाही. मासे धुरावर सुकवायच्या तिच्या चार भट्ट्या तिकडे. तीन मुलं तिकडे. येत्या बाजारी तोगबी गावू, म्हणजे गावचे प्रमुख, यांच्या अंगणात बैठक. तिथे तिच्यावर घरातली गोष्ट फोडल्याचा ठपका बसला की लग्न मोडलं, आणि तेवढ्यावर थांबणार नाही. "तळ्याकडे मला कोणी ठेवणार नाही. आणि इकडे? आपल्याच बाया माझ्यासमोर बोलायच्या बंद होतील. आज सकाळपासून झाल्यासुद्धा. येताना तीन ओट्यांवर बोलणं थांबलं, मी मोजलं."

मी त्याच पावली अग्बोझोकडे गेलो. तो जाळं शिवत होता. माझ्याकडे वर पाहिलंही नाही.

"अग्बोझो, तिने काही सांगितलेलं नाही."

"मग तुझ्या भोपळ्यात ते कोणी पेरलं?"

"मनाने रचलं."

"भोपळ्याला मनही असतं." त्याने दोरा दाताने तोडला. मग आवाज खाली आणून म्हणाला, "डोट्से, गाण्याचं मला काही नाही. गाणं चांगलं होतं. जे कोणासमोर करत नाही ते मी तिच्यासमोर करतो. ते घरातून बाहेर गेलं, ते दुखतंय. जा आता."

परत येताना मला कळत होतं की टाच माझीच होती हे सांगावं लागेल. सेन्योला ते आब्लाकडून आधीच कळलं होतं आणि तो वाटेतच उभा होता.

"सांगायचं नाही," तो म्हणाला. "स्वतःवरचं गाणं दुसऱ्याच्या अंगावर घातलं असं ठरलं तर फेरी त्यांची होते. आजोबांच्या वेळेपासून हा कायदा आहे. आणि फेरी जाऊ दे, पुढची दहा वर्षं ते आपल्यावर कोंबड्यांची गाणी गातील. कोंबड्यांची, डोट्से!"

"आणि झिफा?"

"झिफाची बाजू तू नीट मांड ना. बोलायला तर मिळतं तुला. उपमा, प्रतिमा, काय ते समजाव त्यांना. गीतकार आहेस की कोण आहेस?"

हे मला पटलं, कारण सोयीचं होतं.

बैठक कडुलिंबाखाली भरली. तोगबी गावूंनी जमिनीवर दारू शिंपडून पूर्वजांना बोलावलं. उरलेली पूर्वजांच्या वतीने घेतली. एका बाजूला तळ्याची आळी, एका बाजूला आमची, मध्ये झिफा एकटी. अग्बोझोने उभं राहून आरोप सांगितला.

"मी टाच दोन्ही हातांनी वर धरतो हे याला कसं कळलं? मी चीं चीं करतो हे कसं कळलं? एकदा नाही, तीनदा चीं चीं करतो, आणि गाण्यातही बायांनी तीनदाच म्हटलं!"

एवढ्या तपशिलाने हे आजवर कोणी सांगितलं नव्हतं. सगळा गाव कान देऊन ऐकत होता. मग मी उठलो आणि फार सुंदर बोललो. म्हटलं, गीतकार घरात डोकावत नाही, तो जगाकडे पाहतो. ढग बघून तो म्हातारीचे केस म्हणतो, म्हणून काय ढगाने त्याला येऊन सांगितलेलं असतं? मोठ्या आवाजामागे बारीक आवाज असतो, हे त्याला आतून कळतं. झाडाखाली तो बसतो आणि प्रतिमा येते.

"मीपण झाडाखालीच बसतो," तोगबी म्हणाले. "मला झोप येते."

"तोगबी, ते सुचतं."

"सुचतं म्हणजे कोणीतरी सांगतं. पूर्वज सांगतात, नाहीतर बाई सांगते. पूर्वजांना या टाचेचं काय पडलंय?"

तळ्याची आळी हसली. आमची आळी जमिनीकडे बघायला लागली; म्हणजे त्यांनाही बाईच वाटत होती, फक्त जिंकल्यामुळे त्यांची तक्रार नव्हती. मी म्हटलं, "मी शपथेवर सांगतो, झिफा निर्दोष आहे."

तेव्हा झिफा पहिल्यांदा बोलली. "एफो, मला निर्दोष म्हणू नकोस. ते सगळेच म्हणतात आणि मग दार लावून घेतात. गाणं कुठून आणलंस ते दाखव. दाखवता येत नसेल तर खाली बस."

मी सेन्योकडे पाहिलं. त्याने डोळ्यांनी कोंबडी करून दाखवली.

मी खाली बसलो नाही. स्टूल ओढलं, त्यावर डावा पाय ठेवला आणि हाक मारली, "आब्ला! घरून सुई आण."

"आणलीये," आब्ला गर्दीतून म्हणाली. तिने कमरेची गाठ सोडली. "सकाळीच आणलीये. तुम्हाला इथवर यायला वेळ लागला."

टाचेत पिसू होतीच. आमच्या वाळूत ती कधी नसते? आब्लाने सगळ्यांना दिसेल असा पाय तिरका धरला, सुई उन्हात धरून दाखवली, एखादी पुरोहितबाई दाखवील तशी, आणि मग टेकवली. मी ठरवलं होतं की नेमका तेवढाच आवाज काढायचा. ठरवायची गरज पडली नाही. टाच माझ्या दोन्ही हातांत आपोआप आली आणि मी ओरडलो. तीनदा. तोगबींच्या कोंबडीने पंख फुलवले, आपली पिल्लं मागे टाकली आणि ती गर्दीतून वाट काढत थेट माझ्याकडे धावत आली.

कोंबडी माझ्याभोवती फिरून बघत होती.

"सगळी पुरुषमंडळी असंच करतात," आब्लाने सुई पुसत जाहीर केलं. "आमचे हे त्याचं गाणं करून विकतात, एवढाच फरक."

आधी बाया हसल्या. दोन्ही बाजूंच्या, एकाच वेळी, एकमेकींकडे बघून. आणि मग एकेक बाई आपापल्या नवऱ्याकडे बघायला लागली तसे नवरे पाय कापडाखाली घ्यायला लागले. सेन्योने दोन्ही घेतले.

अग्बोझो उभाच होता. चेहरा वाळूत पडलेल्या जाळ्यासारखा, कुठून उचलावा कळेना.

"एवढासा आवाज?" तो शेवटी म्हणाला. "माझा याच्यापेक्षा मोठा आहे."

"आहे," झिफा म्हणाली. "तिसऱ्या घरापर्यंत ऐकू जातो. फक्त टाचेला आणि मला माहीत होतं म्हणे!"

तळ्याकडच्या तिसऱ्या घरातली म्हातारी मान डोलावत होती.

तोगबींनी निकाल दिला. फेरी तळ्याच्या आळीची. सेन्योने कपाळावर हात मारला. झिफावर ठपका नाही, आणि जो यापुढे ठेवील त्याने बकरा द्यायचा. अग्बोझोने बायकोला घरी न्यावं. अग्बोझो तिच्यासमोर आला. किनाऱ्यावर साठ माणसांवर चालणारा तो आवाज आता कुठे ठेवलाय हे त्याला आठवत नव्हतं.

"चल," तो म्हणाला.

"कशी?"

"म्हणजे?"

"मी भर उन्हात, भर रस्त्याने, डोक्यावर भांडं घेऊन आले. सगळ्यांनी बघितलं. ते भर उन्हात, त्याच रस्त्याने परत जाईल. पाण्याने भरून. डोकं तुमचं." मग माझ्याकडे वळली. "आणि चटई याची."

"मी काय केलं?" मी विचारलं.

"चार दिवस केलंस, एफो. पहिल्याच दिवशी पाय वर केला असतास तर चटई मीच घेतली असती."

मी चटई आणायला घराकडे वळलो.

दुपारच्या उन्हात आम्ही माझ्या अंगणातून निघालो. पुढे झिफा, हात मोकळे. तिच्यामागे अग्बोझो, डोक्यावर भरलेलं भांडं, दोन्ही हातांनी धरलेलं, मान ताठ, कारण वाकवली की पाणी खांद्यावर. त्याच्यामागे मी चटई घेऊन. मागे दोन्ही आळ्या. पहिल्या ओट्यापाशी, जिथे ती येताना बोलणं थांबलं होतं, झिफाने मागे न बघता गायला सुरुवात केली. मोठ्याने नाही. चालता चालता, भात सडताना म्हणतात तसं.

*अलीकडून हे ओढतात, पलीकडून ते ओढतात,*
*मासे त्यांचे, आरोळ्या त्यांच्या,*
*आणि दोरीला विचारतात, तू कोणाची गं?*
*दोरीच्या अंगावर दोघांच्या हातांचे वळ,*
*दोरी ओली, दोरी गप्प,*
*ती सुटली तर जाळं कोणत्या आळीचं?*

ओट्यावरच्या बाया उठल्या. शेवटची ओळ त्यांनी उचलली. दुसऱ्या ओट्यावरच्या उठल्या. तिसऱ्या ओट्यापर्यंत समुद्राकडच्या आणि तळ्याकडच्या अशा वेगळ्या काढता येत नव्हत्या, आणि ढोल नसताना ताल पक्का होता, ऐंशी पावलांचा. ना चवरी कोणाकडे वळली, ना कोणाचं नाव आलं, ना कोणाची टाच आली. तरी तळ्याच्या वळणापर्यंत एकही पुरुष मान वर करून चालत नव्हता. फक्त अग्बोझोला खाली बघता येत नव्हतं.

मी मनात ओळी फिरवून पाहिल्या. दोरीला उत्तर काय? होडी म्हणावं तर होडीही दोरीनेच बांधलेली. समुद्र म्हणावं तर त्यातलं जाळंही दोरीनेच बाहेर येणार. माझ्या तीस वर्षांत उत्तराला एवढी बंद ओळ मी पाहिली नाही.

"डोट्से," अग्बोझो मान न वळवता म्हणाला. पाण्याची एक धार त्याच्या कानामागून उतरत होती. "याच्यावर तुझ्याकडे काही आहे?"

"नाही. तुझ्याकडे?"

त्याने दहा-बारा पावलं विचार केला.

"नाही," तो म्हणाला. "मग गुपचूप चाल. आणि चटई वर धर, वाळूत घासतेय. माझ्या बायकोची आहे ती."